परीक्षेसाठी परवडणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भौतिकशास्त्र शिकवतो. दरवर्षी परीक्षा जवळ आली की तेच प्रश्न येतात: कुठला घेऊ, महागडा घेतला तर फायदा होईल का, मित्राचा वापरला तर चालेल का. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. परीक्षेला चालणारा, तुमच्या अभ्यासक्रमाला पुरेल असा साधा कॅल्क्युलेटर घ्या, पण तो परीक्षेच्या काही महिने आधी घ्या. हात बसलेला साधा कॅल्क्युलेटर हा आदल्या दिवशी आणलेल्या भारी कॅल्क्युलेटरपेक्षा जास्त गुण मिळवून देतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

सगळ्यात आधी काय बघायचं? किंमत, कंपनी की फंक्शन्स?

यातलं काहीच नाही. आधी परीक्षेचा नियम वाचायचा. काही परीक्षांमध्ये चालणाऱ्या मॉडेलांची यादीच दिलेली असते. काही ठिकाणी फक्त 'प्रोग्राम करता न येणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर' एवढंच लिहिलेलं असतं. काही परीक्षांत कॅल्क्युलेटर अजिबात चालत नाही, तर संगणकावर घेतल्या जाणाऱ्या काही परीक्षांत पडद्यावरच एक कॅल्क्युलेटर दिलेला असतो आणि स्वतःचा आत नेता येत नाही. म्हणून नियम हातात येईपर्यंत खरेदी थांबवा.

यादी असेल तर मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून बघा. कॅसिओ कंपनीच्या एफएक्स-९९१एमएस, एफएक्स-९९१ईएस प्लस आणि एफएक्स-९९१ईएक्स या मॉडेलांची नावं ऐकायला सख्ख्या भावंडांसारखी वाटतात, पण ती तीन वेगळी यंत्रं आहेत. यादीत एक असेल म्हणून दुसरं चालेलच असं नाही. नियम मोघम असेल तर शिक्षकांना किंवा परीक्षा विभागाला मॉडेलचं पूर्ण नाव सांगून विचारा. दुकानदाराच्या 'सगळीकडे चालतो हो' वर विसंबू नका. परीक्षेच्या हॉलमध्ये तो तुमच्या बाजूने बोलायला येणार नाही.

'प्रोग्राम करता येणारा' म्हणजे नेमका कुठला?

ज्यात तुम्ही आज्ञांची मालिका लिहून साठवू शकता आणि नंतर एका बटणावर ती चालवू शकता, तो. कॅसिओचा एफएक्स-५८००पी हे त्याचं उदाहरण. आलेख काढणारे कॅल्क्युलेटरही बहुतेक वेळा याच गटात मोडतात. मोठा पडदा, त्यावर आलेख, आत मजकूर साठवायची सोय असं काही दिसलं की ते परीक्षेला न चालण्याचीच शक्यता जास्त.

एफएक्स-९९१ मालिकेतले कॅल्क्युलेटर समीकरणं सोडवतात म्हणून ते प्रोग्राम करता येणारे आहेत असा गैरसमज बराच आहे. तसं नाही. त्यांत सूत्र टाकून किमती बदलता येतात, पण प्रोग्राम लिहून ठेवता येत नाही. मात्र काही परीक्षांचे नियम आणखी कडक असतात. तिथे समीकरण सोडवणारे, इंटिग्रेशन किंवा मॅट्रिक्स करणारेही चालत नाहीत. अशा ठिकाणी एफएक्स-८२ च्या पातळीचा साधा कॅल्क्युलेटरच न्यावा लागतो.

शाळेसाठी सगळ्यात स्वस्तातला खरंच पुरतो का?

पुरतो. त्यासाठी थोडं मागे जाऊन बघू. खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर, ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा एचपी-३५, १९७२ साली आला. त्याला ३५ बटणं होती, त्यावरूनच नाव पडलं. साइन, कोसाइन, लॉगरिदम, घात, वर्गमूळ ही कामं तो करायचा आणि तेवढ्यावरच अभियंत्यांनी गणनपट्टी (सरकत्या पट्टीने गुणाकार-भागाकार करायचं जुनं साधन) बाजूला ठेवली. त्यात अपूर्णांक नव्हते, सांख्यिकी नव्हती, क्रमगुणित (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार) नव्हतं. आजच्या सगळ्यात साध्या एफएक्स-८२एमएस मध्ये हे सगळं आहे. वर क्रमचय-संचय, अंश-मिनिट-सेकंदांचं बटण, ध्रुवीय निर्देशक आणि रेषीय समाश्रयणही आहे. कॅसिओ त्याची २४० फंक्शन्स मोजते.

शाळेच्या त्रिकोणमितीला, लॉगरिदमला आणि विज्ञानातल्या आकडेमोडीला यापेक्षा जास्त काही लागत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-३०एक्स टूएस किंवा शार्पच्या ईएल-५३१ मालिकेतले कॅल्क्युलेटरही याच पातळीचे. तुमच्या आसपास जो सहज मिळतो आणि ज्याचा सेल सहज मिळतो, तो घ्या.

दोन ओळींचा डिस्प्ले आणि 'पुस्तकासारखा' डिस्प्ले यांत फरक काय? जास्त पैसे घालावेत का?

माझ्या मते चार पैसे जास्त घालायचेच असतील तर ते इथे घालावेत.

कॅसिओच्या एमएस मालिकेत, म्हणजे नावाच्या शेवटी एमएस असलेल्या मॉडेलांत, वरच्या ओळीत तुम्ही टाकलेलं गणित एका रांगेत दिसतं आणि खाली उत्तर. अपूर्णांक दोन-तीन आकड्यांमध्ये कोपऱ्यासारखी खूण टाकून दिसतो. ईएस मालिकेत आणि तिच्या पुढच्या मॉडेलांत अंशाखाली रेघ आणि रेघेखाली छेद, वर्गमूळाचं छत, डोक्यावर चढलेला घातांक, सगळं वहीत लिहितो तसंच दिसतं. टीआय-३०एक्सएस मल्टीव्ह्यू आणि शार्पचे ईएल-डब्ल्यू मालिकेतले कॅल्क्युलेटरही असंच दाखवतात.

फायदा दिसायला सुंदर असण्याचा नाही. चूक डोळ्यांना दिसते, हा आहे. छेदात बेरीज असलेलं गणित घ्या: अंशात १२, छेदात २ + ४. एका रांगेत टाकताना मूल घाईत १२ ÷ २ + ४ दाबतं आणि १० उत्तर लिहितं. खरं उत्तर २. पुस्तकासारख्या डिस्प्लेवर २ + ४ रेघेखाली बसलेलं दिसतं, त्यामुळे ही चूक होतच नाही. वर्गमूळ ८ टाकलं तर तो २√२ असं उत्तर देतो, आणि एस व डी या अक्षरांचं बटण दाबलं की २.८२८४२७१२५. करणीत उत्तर मागणाऱ्या प्रश्नांत हे फार उपयोगी पडतं.

एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. असा कॅल्क्युलेटर २ ÷ ७ ला दशांशात उत्तर न देता २/७ च दाखवतो. पहिल्यांदा वापरणारा गोंधळतो, 'उत्तर येतच नाही' म्हणतो. ते बटण शोधून ठेवा.

विद्यापीठासाठी कुठला? शाखेनुसार फरक पडतो का?

पडतो, आणि इथे थोडा विचार करून घ्यावा.

अभियांत्रिकी, त्यातही विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स, यांना संमिश्र संख्या (वास्तव आणि काल्पनिक असे दोन भाग असलेल्या) रोज लागतात. ३ + ४आय चं ध्रुवीय रूप ५ आणि ५३.१३ अंश, हे काम परीक्षेत वीस वेळा करावं लागतं. इथे एफएक्स-९९१ पातळीचा कॅल्क्युलेटर वेळ वाचवतो. त्यातही एमएस आणि ईएस मध्ये फरक आहे: एफएक्स-९९१एमएस संमिश्र उत्तराचा वास्तव भाग आधी दाखवतो आणि काल्पनिक भाग बघायला शिफ्ट आणि बरोबरचं (=) चिन्ह दाबावं लागतं. ईएस प्लस दोन्ही भाग एकत्र दाखवतो. दोन भागांत बघताना एखादा भाग लिहायचा राहून जातो. मी अशा उत्तरपत्रिका तपासल्या आहेत.

मॅट्रिक्स, सदिश, एकसामयिक समीकरणं, वर्ग आणि घन समीकरणं, संख्यात्मक इंटिग्रेशन हे सगळं ९९१ मध्ये असतं. ईएस प्लस ३ × ३ पर्यंतची मॅट्रिक्स घेतो, ईएक्स ४ × ४ पर्यंत. ईएक्स चार चलांची समीकरणं आणि चौथ्या घातापर्यंतची बहुपदी सोडवतो. तुमच्या अभ्यासक्रमात चार चलं येतात का ते बघा. येत नसतील तर त्या फरकासाठी पैसे घालवू नका. याच पातळीवर टीआय-३६एक्स प्रो हाही चांगला पर्याय आहे.

मधला मार्गही आहे. एफएक्स-१००एमएस मध्ये संमिश्र संख्या आणि द्विमान पद्धत आहे, मॅट्रिक्स नाही.

रसायनशास्त्र, जीवशास्त्र, वाणिज्य, मानसशास्त्र या शाखांना लॉगरिदम आणि सांख्यिकी लागते, आणि ती ८२ मध्येही आहे. पदवीच्या जीवशास्त्राला ९९१ घेऊन त्यातली तीन चतुर्थांश बटणं कधीच न दाबणारे विद्यार्थी खूप. त्यांनी ते पैसे एखाद्या चांगल्या पुस्तकावर घालवावेत असं मला मनापासून वाटतं.

बारावीच्या पातळीवरच ९९१ घेऊन ठेवला तर पुढे चालेल ना? दोनदा खर्च कशाला?

पुढे अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्र हे पक्कं असेल आणि आत्ताच्या परीक्षेला ९९१ चालत असेल, तर हा हिशेब बरोबर आहे. चांगला कॅल्क्युलेटर सात-आठ वर्षं सहज जातो. पण दोन्हींपैकी एक जरी गोष्ट अनिश्चित असली तर आत्ता साधा घ्या.

सोलर घ्यावा की सेलवाला?

दोन्ही चालतात. बाजारात दोन प्रकार दिसतात. एक फक्त सेलवर चालणारा, जसे एफएक्स-८२ मालिकेतले, ज्यांत एक बारीक पेन्सिल सेल लागतो. तो कुठेही मिळतो आणि स्वतः बदलता येतो. दुसरा दोन्हींवर चालणारा, जसे ९९१ मालिकेतले, ज्यांत सोलर पट्टी असते आणि आत एलआर४४ जातीचा बटण सेल असतो. हाच सेल एजी१३ किंवा ए७६ या नावानेही विकला जातो, त्यामुळे नाव वेगळं दिसलं तर घाबरू नका. एसआर४४ हा त्याच मापाचा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल. थोडा महाग, पण त्याचा दाब शेवटपर्यंत जास्त स्थिर राहतो.

सोलर पट्टी आहे म्हणून सेलची काळजी नको, असं समजू नका. पट्टीवर बोट ठेवून बघा. आकडे फिके होत गेले किंवा गायब झाले तर आतला सेल संपलेला आहे आणि यंत्र फक्त उजेडावर चालू आहे. ढगाळ दिवशी, मागच्या बाकावर, दिवे कमी असलेल्या हॉलमध्ये ते दगा देईल. परीक्षेच्या आठवडाभर आधी ही चाचणी करा.

बनावट कॅल्क्युलेटर कसा ओळखायचा?

नावाजलेल्या मॉडेलांच्या नकला भरपूर आहेत. काहींची सोलर पट्टी ही नुसती गडद प्लास्टिकची चकती असते, तिच्यामागे काहीच नसतं. विकत घेताना दोन मिनिटं काढा आणि हे करून बघा.

६९ चं क्रमगुणित काढा. उत्तर १.७११२२४५२४ गुणिले १० चा ९८ वा घात यायला हवं. मग ७० चं काढा. दोन अंकी घातांक दाखवणारा कॅल्क्युलेटर इथे गणिती चूक असल्याचं सांगतो, कारण उत्तर १० च्या १०० व्या घाताच्या पलीकडे जातं. त्याने काहीतरी भलताच आकडा दाखवला तर यंत्र परत द्या.

दुसरी चाचणी मला फार आवडते. अंशांच्या मोडमध्ये, म्हणजे कोन डिग्रीत मोजणाऱ्या सेटिंगमध्ये, ९ चा साइन घ्या, आलेल्या उत्तराचा कोसाइन, त्याचा टॅन्जंट. मग उलट्या क्रमाने परत या: उलटा टॅन्जंट, उलटा कोसाइन, उलटा साइन. गणिताप्रमाणे तुम्ही पुन्हा ९ वर पोचायला हवं. यंत्र आत मोजकेच अंक धरून ठेवत असल्यामुळे उत्तर ९ च्या अगदी जवळ येतं, पण नेमकं ९ येईलच असं नाही. कोसाइन १ च्या जवळ पोचला की शेवटच्या अंकातली बारीकशी चूकही परत येताना मोठी होते. म्हणून ही वाट यंत्राची अचूकता उघडी पाडते. दशांशचिन्हानंतर दुसऱ्या-तिसऱ्या स्थानावरच फरक दिसला तर त्या यंत्राची आतली आकडेमोड कच्ची आहे.

याशिवाय बटणांवरची अक्षरं नखाने खरवडून बघा. सोबतची पुस्तिका त्याच मॉडेलची आहे का ते बघा, आणि पुस्तिकेतलं एखादं उदाहरण तिथेच सोडवा.

वापरलेला, जुना घेतला तर?

अवश्य घ्या. वरच्या वर्गातली मुलं आपला कॅल्क्युलेटर देऊन टाकतात तेव्हा तो बहुतेक वेळा उत्तम असतो. सेलच्या खाचेत पांढरट किंवा हिरवट पापुद्रा नाही ना, ते बघा. सेल फुटून गळला असेल तर आतल्या पट्ट्या खाल्ल्या गेलेल्या असतात. प्रत्येक बटण दाबा. सगळे ८ टाकून आकड्यांचा एखादा तुकडा गायब नाही ना, ते तपासा. बरोबरचं चिन्ह, एसी आणि शिफ्ट ही बटणं सगळ्यात आधी जातात, ती दोन-तीनदा दाबून बघा. मग सगळं रीसेट करा, म्हणजे आधीच्या मालकाच्या सेटिंगचा त्रास होणार नाही.

घरी बरोबर येणारं उत्तर परीक्षेत चुकतं. यंत्र खराब आहे का?

जवळजवळ कधीच नाही. मोड बदललेला असतो.

एक प्रसंग विसरता येत नाही. प्रकाशाच्या अपवर्तनाचा प्रश्न होता. एका मुलीने सूत्र बरोबर लिहिलं, किमती बरोबर घातल्या आणि साइन ३० ची किंमत −०.९८८ लिहिली. पुढची सगळी आकडेमोड तिने प्रामाणिकपणे त्या उण्या आकड्यावर केली. अपवर्तनांक उणा आला, तरी तिने तो खोडला नाही, कारण 'कॅल्क्युलेटर सांगतोय ना'. आदल्या दिवशी कोणीतरी गणितासाठी तिचा कॅल्क्युलेटर घेऊन रेडियनवर (कोन मोजण्याचं अंशांपेक्षा वेगळं माप) टाकला होता. अंशांत साइन ३० म्हणजे ०.५, रेडियनमध्ये −०.९८८०३१६२४, ग्रेडियनमध्ये (काटकोनाचे १०० भाग धरणारं माप) ०.४५३९९०५. तिसरा सगळ्यात घातक, कारण तो आकडा खरा वाटतो.

म्हणून हॉलमध्ये बसल्यावर पहिलं काम: साइन ३० दाबा. ०.५ किंवा १/२ आलं की पुढे जा. डिस्प्लेच्या वरच्या कडेला डी, आर किंवा जी हे बारीक अक्षर असतं, तेही बघायची सवय लावा. ईएस प्लस मध्ये शिफ्ट, मोड आणि मग ३ दाबलं की अंश, ४ दाबलं की रेडियन. एमएस मध्ये अंश-रेडियनचा पर्याय दिसेपर्यंत मोडचं बटण दाबत राहायचं आणि १ किंवा २ निवडायचं.

उलटी चूकही होते. साइनचं शून्य ते पाय इंटिग्रेशन २ येतं. तेच अंशांच्या मोडमध्ये केलं तर यंत्र साधारण ०.०८६ सांगतं. कलनशास्त्रात त्रिकोणमिती आली की रेडियन.

१ ÷ २०० चं उत्तर ०.००५ न येता ५ गुणिले १० चा उणे ३ असं का येतं?

कॅसिओमध्ये नॉर्म १ आणि नॉर्म २ अशा दोन पद्धती आहेत. नॉर्म १ मध्ये ०.०१ पेक्षा लहान आकडा घातांकात दिसतो, नॉर्म २ मध्ये बराच लहान होईपर्यंत साधा दशांश दिसतो. सेटअपमध्ये जाऊन नॉर्म २ करा.

मोठे आकडे टाकताना उत्तर दहापट किंवा लाखोपटीने चुकतं. का?

घातांकाचं खास बटण न वापरल्यामुळे. एमएस वर त्यावर ईएक्सपी असं लिहिलेलं असतं, नव्या मॉडेलांवर '×१० चा क्ष' असं. १ ला २ गुणिले १० चा ३ रा घात याने भागायचं आहे. खास बटण वापरलं तर यंत्र २००० हा एकच आकडा समजतं आणि ०.०००५ देतं. तुम्ही १ ÷ २ × १० आणि मग घात ३ असं सुटं सुटं दाबलंत तर ते आधी अर्धा करतं, मग १००० ने गुणतं आणि ५०० देतं. दहा लाख पटींचा फरक, आणि यंत्राने काहीच चूक केलेली नाही.

दुसरी चूक म्हणजे × १० दाबून वर ईएक्सपी सुद्धा दाबणं. त्यात उत्तर दहापट होतं.

माझ्या आणि मैत्रिणीच्या कॅल्क्युलेटरचं उत्तर वेगळं येतं. कोणाचा बरोबर?

६ ÷ २(१ + २) टाकून बघा. काही यंत्रं १ देतात, काही ९. कंसाआधी गुणाकाराचं चिन्ह नसेल तर तो गुणाकार आधी करायचा की भागाकार, यावर कंपन्यांचं एकमत नाही. कॅसिओचा ईएक्स तर स्वतःच कंस घालून दाखवतो, म्हणजे त्याने काय समजून घेतलं ते तुम्हाला कळतं. यावर उपाय एकच: कंस तुम्ही स्वतः घाला.

तसंच, उणे ३ चा वर्ग. नव्या यंत्रांवर कंस न घालता टाकलं तर −९ येतं, कारण आधी वर्ग होतो आणि मग उणे चिन्ह लागतं. ९ हवं असेल तर उणे ३ कंसात घाला.

सांख्यिकीत दोन प्रमाण विचलनं दिसतात. कुठलं लिहायचं?

२, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ हे आठ आकडे घ्या. सरासरी ५. एन ने, म्हणजे आकड्यांच्या संख्येने, भागणारं प्रमाण विचलन बरोबर २ येतं, एन वजा १ ने भागणारं २.१३८. पहिलं संपूर्ण समष्टीसाठी, दुसरं नमुन्यासाठी. प्रयोगाच्या वाचनांना बहुधा दुसरं लागतं. नवा कॅल्क्युलेटर घेतल्यावर हेच आठ आकडे टाका आणि कुठलं चिन्ह कुठलं उत्तर देतं ते एकदाच वहीत लिहून ठेवा.

एमएस मध्ये जुने आकडे स्मृतीत तसेच राहतात. नवीन टाकण्याआधी शिफ्ट, मोड, १ आणि बरोबरचं चिन्ह दाबून ते पुसा.

समीकरण यंत्रच सोडवणार असेल तर ते वापरणं लबाडी नाही का?

नियमात बसत असेल तर नाही. पण त्यावर गुण मिळत नाहीत, कारण परीक्षक पायऱ्या बघतो. मी मुलांना सांगतो, आधी हाताने सोडवा आणि मग पडताळा. २क्ष वर्ग − ५क्ष − ३ = ० याची उत्तरं हाताने ३ आणि −०.५ आली, यंत्रानेही तीच दिली, की मन शांत होतं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळता येतं.

सॉल्व्ह या बटणाबद्दल एक सावधगिरी. ते एका अंदाजापासून सुरुवात करून उत्तराकडे सरकत जातं आणि एकच उत्तर देतं. याच समीकरणाला सुरुवात ० पासून केली तर −०.५ मिळतं, ५ पासून केली तर ३. दुसरं उत्तर आहे हे ते सांगत नाही. समीकरणांचा वेगळा मोड मात्र दोन्ही देतो.

मधली उत्तरं वहीत लिहून पुन्हा टाकली तर काय बिघडतं?

२ ÷ ७ ला ०.२९ लिहिलं आणि त्याला ३५० ने गुणलं तर १०१.५ येतं. खरं उत्तर १००. यंत्र पडद्यावर दहा अंक दाखवतं, पण आत त्याहून जास्त अंक धरून असतं; 'आन्स' (आधीचं उत्तर) हे बटण ते सगळे अंक पुढे नेतं. वहीत गोल करून लिहा, गणित मात्र 'आन्स' वर पुढे न्या.

मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर सराव केला तर चालेल?

उत्तर तपासायला चालेल, सरावाला नाही. परीक्षेत मोबाइल नसणार, आणि बोटांना बटणांच्या जागा पाठ व्हायला हव्यात.

परीक्षेला मित्राचा मागून नेला तर?

हॉलमध्ये देवाणघेवाण करायला सहसा मनाईच असते. आदल्या दिवशी मागून आणणार असाल तर घरी नेऊन किमान दोन तास वापरा. लोकांच्या यंत्रात फिक्स लावलेलं असतं, म्हणजे प्रत्येक उत्तर दोनच दशांश स्थळांपर्यंत दिसतं, आणि ०.००४ हा आकडा ०.०० होऊन बसतो. घाबरलेल्या मुलाला ते कळत नाही.

हॉलमध्ये जाताना काय बरोबर ठेवायचं?

बारीक पेन्सिल सेलवाला कॅल्क्युलेटर असेल तर एक नवा सेल. बटण सेलवाला असेल तर तो हॉलमध्ये बदलता येणार नाही, कारण मागचे स्क्रू काढावे लागतात, म्हणून तो आधीच बदला. काही ठिकाणी झाकण बाहेर ठेवायला सांगतात, कारण त्यावर आतून लिहिता येतं. झाकणावर चिकटवलेली सूत्रांची चिठ्ठी घरीच काढून टाका.

ऐन परीक्षेत यंत्र विचित्र वागायला लागलं तर?

आधी एसी दाबा. मग साइन ३०. उत्तर ठीक असेल तर तुम्ही टाकलेल्या गणितातच चूक आहे, बाणाच्या बटणाने मागे जाऊन ते परत वाचा. उत्तर चुकीचं असेल तर मोडच्या शोधात वेळ घालवू नका, सगळं रीसेट करा. ईएस प्लस मध्ये शिफ्ट, ९, ३, बरोबरचं चिन्ह आणि एसी. एमएस मध्ये शिफ्ट, मोड, ३ आणि बरोबरचं चिन्ह. याने स्मृतीत ठेवलेले आकडे जातात, पण यंत्र अंशांच्या मोडवर परत येतं. पुन्हा साइन ३० बघा आणि अर्धवट राहिलेलं गणित पहिल्या पायरीपासून टाका. हे चार-पाच दाब घरी दहा वेळा करून ठेवा, म्हणजे त्या क्षणी बोटं आपोआप चालतील.